ऊन, कातडी आणि वय

चेहरा पाहून माणसाचे वय सांगता येते, असा आपला सर्वांचाच समज असतो. हा समज किती फसवा आहे याचा अनुभव मला प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी आला. शिष्यवृत्तीसाठी बँकेत खाते उघडायचे होते, म्हणून मी आईला घेऊन गेले. खिडकीमागच्या बाईंनी कागद पाहिले, आईकडे पाहिले आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, "आजी, तुम्ही बसा त्या बाकावर. मुलीच्या आईची सही लागेल, त्यांना आणा."

आई हसली आणि म्हणाली, "मीच तिची आई." बाई ओशाळल्या. बोलता बोलता कळले की त्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. आई एकेचाळीस वर्षांची, त्या त्रेचाळीस. परतताना एस. टी.त आई खिडकीशी बसली होती. तिने पदर नेहमीपेक्षा जरा जास्तच पुढे ओढून घेतला होता. ती काही बोलली नाही आणि मीही काही विचारले नाही. पण एक प्रश्न मनात राहिला. दोन बायका, जवळपास एकाच वयाच्या. मग एक आजी का दिसावी आणि दुसरी का दिसू नये?

माझी आई गेली बावीस वर्षे निफाड तालुक्यात द्राक्षबागांत आणि कांद्याच्या शेतात रोजंदारीने जाते. प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच होते. उरलेले अर्धे शोधण्यासाठी मी वर्षभर जमेल तसे वाचन केले. मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे, विज्ञान शाखेची नाही. शास्त्र शाखेच्या प्राध्यापकांनी शंका समजावून सांगितल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. काही उणे राहिले असेल तर तो दोष माझा.

एकाच शरीरावर दोन वये

कातडी दोन कारणांनी म्हातारी होते. पहिले कारण म्हणजे वाढते वय. हे सर्वांनाच लागू आहे आणि त्याला इलाज नाही. कातडी हळूहळू पातळ व कोरडी होते, तिच्यावर बारीक सुरकुत्या पडतात. दुसरे कारण बाहेरचे. त्यात ऊन सर्वांत मोठे. तंबाखू ओढण्याची सवय हे आणखी एक. उन्हाने म्हातारी झालेली कातडी वेगळी ओळखता येते. ती जाड व खरबरीत होते, खोल घड्या पडतात, काळसर डाग उमटतात, कातडीचा ताण जातो. मानेच्या मागे तर भेगाळलेल्या जमिनीसारख्या चौकटी उमटतात.

ही दोन वये पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. वाचकांनी घरीच करून पाहावे असा साधा प्रयोग आहे. घरातील कष्टकरी माणसाच्या हाताची पाठ पाहा आणि मग त्याच हाताच्या दंडाची आतली बाजू पाहा. मी एका संध्याकाळी आईचा हात असाच हातात घेऊन पाहिला. मनगटाजवळची कातडी रापलेली, सुरकुतलेली आणि ठिपक्यांनी भरलेली. पोलक्याच्या बाहीखालची कातडी मऊ, एकसारख्या रंगाची, जवळजवळ माझ्याच हातासारखी. हात एकच, जन्म एकाच दिवशीचा, रक्त एकच. फरक एवढाच की एका भागावर बावीस वर्षे ऊन पडले आणि दुसऱ्यावर पडले नाही. बँकेतल्या बाईंनी ओळखले ते आईचे वय नव्हतेच. ते उन्हाचे वय होते.

हे प्रथम कोणाच्या लक्षात आले?

ही गोष्ट राजवाड्यातल्या माणसांकडे पाहून समजली नाही, कष्टकऱ्यांकडे पाहून समजली. जर्मनीतील हँबुर्ग हे मोठे बंदर. तेथील त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८९४ साली खलाशांच्या कातडीतील बदलांचे वर्णन केले. उघड्या समुद्रावर, उन्हावाऱ्यात राबणाऱ्या या माणसांचे चेहरे व हात अकाली जाड आणि डागाळलेले होत. त्याच सुमारास फ्रान्समधील बोर्दो येथे डॉ. द्युब्रय यांना द्राक्षमळ्यांत काम करणाऱ्यांच्या कातडीवर खरबरीत चट्टे व कर्करोग अधिक आढळले. त्यांनी त्याचा संबंध उन्हाशी जोडला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. बोर्दो कोठे आणि निफाड कोठे! पण द्राक्षाची वेल तीच आणि ऊनही तेच.

उन्हाने येणाऱ्या या वार्धक्याला इंग्रजीत 'फोटोएजिंग' हे नाव १९८६ मध्ये रूढ झाले. ते अमेरिकेतील डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांच्या लेखनातून. त्यांच्याविषयी पुढे आणखी सांगायचे आहे.

किरण काय करतात?

सूर्याच्या प्रकाशात आपल्याला दिसणाऱ्या रंगांपलीकडेही किरण असतात. जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण १८०१ साली योहान रिटर या शास्त्रज्ञाने शोधले. त्यांचे अ, ब आणि क असे तीन प्रकार मानतात. क किरण वातावरणातच अडतात. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के अ प्रकारचे असतात आणि बाकीचे ब प्रकारचे.

ब किरण बहुतांशी कातडीच्या वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत अडतात. कातडी लाल होणे, भाजल्यासारखी होणे हे मुख्यतः त्यांचे काम. पेशीतील डी. एन. ए. या मूळ द्रव्यालाही ते थेट इजा करतात. अ किरण त्याहून खोल, अंतस्त्वचेपर्यंत शिरतात. अंतस्त्वचेत कोलॅजन व इलॅस्टिन नावाचे धागे असतात. खाटेच्या नवारीने जसा अंगाचा भार तोलून धरावा, तसे हे धागे कातडीला तोलून धरतात. नवार सैल झाली की खाटेला झोळ पडतो. कातडीचेही तसेच होते.

ही नवार सैल कशी होते, याचा उलगडा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६-९७ मध्ये केला. अतिनील किरण पडल्यावर काही तासांतच कातडीमध्ये कोलॅजन तोडणारी विकरे वाढतात. शरीर झालेले नुकसान दुरुस्त करते, पण दुरुस्ती पूर्ण होत नाही. थोडी कसर राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा थोडी कसर. अशा हजारो दिवसांच्या कसरी साचल्या की त्यांची सुरकुती होते. विशेष म्हणजे कातडी लाल होण्याइतके ऊन लागले नाही, तरीही हे घडते. म्हणजे ऊन 'बाधले नाही' असे आपण म्हणतो, त्या दिवशीही त्याचे काम चालूच असते.

अ किरण काचेतूनही आत येतात. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या अमेरिकन मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र आले होते. त्याने २८ वर्षे गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी झाली होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या चालकांनी उजव्या गालाची काळजी घ्यावी.

सावळ्या कातडीचे काय?

"आपण काळे लोक, आपल्याला ऊन काय करणार?" असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. यात अर्धे सत्य आहे. आपल्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य म्हणजे निसर्गाने दिलेली छत्रीच. १९७९ मधील एका अभ्यासात असे दिसले की गोऱ्या माणसाच्या बाह्यत्वचेतून सुमारे २४ टक्के ब किरण पार होतात, तर कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेतून सुमारे ७ टक्केच. आपण भारतीय या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. त्यामुळे आपल्याला सुरकुत्या गोऱ्यांपेक्षा उशिरा पडतात आणि कातडीचा कर्करोगही कमी होतो.

पण छत्री असली म्हणजे पाऊस लागतच नाही असे नाही. आपल्यात उन्हाचा परिणाम आधी रंगात दिसतो. गालावर व कपाळावर वांग येतात, डाग पडतात, रंग जागोजागी वेगळा होतो. सुरकुत्या त्यामागून येतात. ज्याला दिवसाचे आठ तास उन्हात उभे राहावे लागते, त्याला सावळा रंग किती पुरा पडणार?

भूगोलाच्या वहीतून

आता माझ्या विषयाकडे येते. सूर्य जितका डोक्यावर, तितका किरणांचा वातावरणातील प्रवास कमी आणि मारा जास्त. तो मोजायची सोपी पट्टी म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक समजावे. लांब असेल तर सौम्य समजावे.

नाशिक जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येथे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. आपल्या घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साधारण साडेबारा वाजलेले असतात, कारण भारताची प्रमाणवेळ आपल्या पूर्वेकडील रेखावृत्तावरून ठरते. मी मे महिन्यात अंगणात काठी रोवून सावली मोजली. सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत सावली काठीपेक्षा आखूड होती. आईची पाळी आठ ते चार. म्हणजे कडक उन्हाचे सगळे सहा तास त्या पाळीत येतात.

हिवाळ्यात तरी सुटका असेल असे वाटले होते. पण गणित केले तर २२ डिसेंबरच्या भर दुपारीही आपल्याकडे सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच पडते. उन्हाची ऊब आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा गार असली, पातळ ढग असले, तरी किरण येतातच. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण करताना बायका दिवसभर वाकून असतात आणि मान उघडी पडते. आईच्या मानेवरच्या चौकटी कोठून आल्या ते मला तेव्हा कळले.

आणखी एक गोष्ट. द्राक्षाचा मांडव हिरवागार असतो तेव्हा त्याखाली सावली असते. पण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. वेली पूर्ण उघड्या होतात. वर्षातले सर्वांत कडक ऊन आणि डोक्यावर एक पान नाही, हे दोन्ही एकाच महिन्यात जुळून येते.

उपचार : आधी सावली, मग मलम

उपचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मलमाची नळी येते. माझ्याही आली होती. बँकेतल्या त्या प्रसंगानंतर मी आठवडे बाजारातून एक 'डाग घालवणारे' मलम आणून आईला दिले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला आणि आम्ही दोघीही हरखलो. महिन्याभरात गाल लाल झाले, आग होऊ लागली, बारीक पुटकुळ्या उठल्या. डॉक्टरांनी मलम पाहिले आणि ताबडतोब बंद करायला सांगितले. त्यात स्टिरॉइड होते. अशा मलमाने कातडी पहिल्यांदा उजळते, पण पातळ होते, लाल पडते आणि पुढे उन्हाला अधिकच हळवी होते. २०१८ मध्ये भारत सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी. मी प्रेमाने केलेली ती चूक होती. वाचकांपैकी कोणी ती करू नये म्हणून येथे सांगितली.

मग खरे उपचार कोणते?

पहिला उपचार झाकण्याचा. दाट विणीचे, गडद रंगाचे, सैल व लांब बाह्यांचे कापड उत्तम. आमच्याकडे बायका साडीवर घरधन्याचा जुना शर्ट चढवतात. लोक त्याला हसतात, पण त्यात मोठे शास्त्र आहे. विरलेले, ओले किंवा ताणलेले कापड मात्र कमी संरक्षण देते. पदराने डोके व मान झाकते, पण नाक व गाल उघडेच राहतात. म्हणून पदरावर रुंद काठाची टोपी घातली तर बरे.

दुसरा उपचार सनस्क्रीनचा. तो उपयोगी आहे याचा चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील नँबर या गावी ५५ वर्षांखालील ९०३ लोकांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जे रोज सनस्क्रीन लावत होते त्यांच्या कातडीचे वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. सनस्क्रीन घेताना त्यावर एस. पी. एफ. ३० किंवा अधिक लिहिलेले असावे आणि अ व ब अशा दोन्ही किरणांना ते अडवणारे असावे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लावावे. घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

पण येथे एक हिशेब मांडावासा वाटतो. दोन बोटे म्हणजे सुमारे एक ग्रॅम. दिवसातून चार वेळा लावले तर पन्नास ग्रॅमची नळी बारा-तेरा दिवसांत संपते. चांगल्या नळीची किंमत आईच्या एका दिवसाच्या रोजाएवढी किंवा त्याहून अधिक असते. महिन्याला दोन-अडीच रोज फक्त चेहऱ्यासाठी! ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ते परवडत नाही. म्हणून आमच्या वर्गासाठी शर्ट, टोपी आणि सावली हाच पहिला उपचार ठरतो.

तिसरा उपचार झालेले नुकसान थोडे भरून काढण्याचा. 'अ' जीवनसत्त्वापासून तयार केलेले ट्रेटिनॉइन हे औषध यासाठी सर्वांत जास्त अभ्यासले गेले आहे. त्याने नवे कोलॅजन तयार होण्यास मदत होते, सुरकुत्या व डाग काहीसे कमी होतात. ते रात्री लावतात. आरंभी कातडी लाल होते, सोलवटते. गुण यायला काही महिने लागतात. गरोदर स्त्रियांनी ते वापरू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते कोणीही वापरू नये. दिवसा ऊन टाळले नाही तर त्याचा उपयोग नाही. त्यापुढचे लेझरसारखे उपचार शहरात होतात, पण ते खर्चाचे असतात, आणि सावळ्या कातडीवर अनुभवी हातानेच करावे लागतात, नाहीतर डाग वाढतात.

ट्रेटिनॉइनचा सुरकुत्यांवर उपयोग होतो हे १९८६ मध्ये दाखवून देणारे डॉ. क्लिगमन हेच. त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५१ ते १९७४ या काळात त्यांनी फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या कातडीवर अनेक प्रयोग केले. त्या कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. कातडीचे ज्ञान खलाशांच्या, मळेकऱ्यांच्या आणि कैद्यांच्या अंगावरून मिळाले. त्या ज्ञानाचा लाभ मात्र त्यांच्यासारख्यांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो. याचा विचार आपण शिकलेल्यांनी करायला हवा.

उन्हाची उगाच भीती बाळगू नये, हेही सांगते. हाडांना लागणारे 'ड' जीवनसत्त्व उन्हामुळेच तयार होते. मात्र न भरणारी जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ दिसला तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

शेवटी

हे सर्व मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ऊन टाळायचं तर सहाला निघायला हवं. मग भाकरी काय तू चारला उठून थापशील?" तिचे बरोबर होते. पुस्तकात सावलीची वेळ असते, भाकरीची नसते. मी म्हटले, "थापीन." सुट्टीच्या दिवसांत थापल्याही. त्या गोल झाल्या असा माझा दावा नाही.

यंदा एप्रिलमध्ये आईच्या टोळीतल्या बायकांनी खरड छाटणीचे काम रोजाने न घेता उक्ते घेतले. उक्त्या कामात वेळ आपल्या हाती असते. त्या साडेसहाला बागेत जात आणि साडेबाराला परतत. मुकादम आधी कुरकुरला, पण काम वेळेत झाल्यावर गप्प बसला. कडक उन्हाचे सहा तास होते, त्यांचे तीन झाले. टोळीतल्या चौघींनी टोप्या घेतल्या. आईने अजून घेतली नाही. पदरावर टोपी म्हणजे तिला सोंग वाटते. मी पिच्छा सोडलेला नाही.

आईच्या चेहऱ्यावर गेलेली वर्षे परत येणार नाहीत, हे मला कळते. पण आता तिला कोणी आजी म्हटले, तर मला लाज वाटणार नाही. माझे शिक्षण ज्या उन्हातून आले, ते ऊन त्या चेहऱ्यावर आहे. एवढेच वाटते की पुढच्या बावीस वर्षांचे ऊन तरी तिच्यावर निम्मे पडावे. आपल्या वर्गातील कितीतरी जणांच्या घरी अशा आया आहेत. आज घरी गेल्यावर त्यांचा हात एकदा हातात घेऊन पाहा. मग सावलीच्या वेळेचा हिशेब त्यांना समजावून सांगा.

— द्वितीय वर्ष कला (भूगोल)